डावा हात खिशात

अँप्लिफायरमधले काचेचे जुने व्हॉल्व्ह तापले की धूळ जळल्याचा वास येतो. आज तसलेच व्हॉल्व्ह घालून नव्यानं जोडलेल्या गिटार अँप्लिफायरचं व्होल्टेज तपासायला बसलो आणि त्या वासासरशी सलीमच्या शहागंजमधल्या खोलीत पोचलो. आम्ही दोघा मित्रांनी जोडलेला पहिला अँप्लिफायर नुसता घुमत होता. मी मीटरची पिन लावत होतो, तो आकडे वाचत होता. मी दुसऱ्या हातानं पत्रा धरायला गेलो, तसा तो खेकसला, "डावा हात खिशात घाल, मियाँ. दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो. मंग मी वाजवू कुणासाठी?"

मी हसलो होतो.

आज हात आपोआप खिशात गेला. आकडे मीच मोठ्यानं वाचले. सगळे बरोबर आले.

भिंतीला सलीमची गिटार टेकलेली आहे. तो गेल्यावर भाभींनी आणून दिली. मला वाजवता येत नाही.