इंदूरचं ‘आम्ही’

चारुलता सबनीसला माणसाचं सगळं चालायचं, चुकीचं मराठी तेवढं चालायचं नाही. बहारीनच्या माहूज भागातल्या दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनवर बसायची. दिवसभर हिंदी, इंग्रजी आणि मोडकंतोडकं अरबी चालायचं, आणि अरबीची हाडं मोडताना तिला काडीची लाज वाटत नसे. पण मराठी माणसाने ‘माझी मदत करा’ म्हटलं की हिच्या कपाळावर आठी पडलीच. “मदत मला करा. माझी कशी कराल?”

भावाची बायको तेजस्वी इंदूरची. लग्न होऊन ती बहारीनला आली, त्या पहिल्याच शुक्रवारी तिने पानं वाढली आणि नणंदेला म्हणाली, “ताई, चला, आम्ही जेवून घेऊ.” चारुलता हात धुऊन आली होती. ती तशीच उभी राहिली. “जेवा की, मी बघत बसते,” म्हणाली. बिचारी नवी नवरी कावरीबावरी झाली. मग चारुलताने तिला शेजारी बसवून शिकवलं, “समोरच्याला धरून असेल तर आपण. समोरच्याला सोडून असेल तर आम्ही. तुमच्या हिंदीत एका ‘हम’मध्ये सगळं गाव मावतं. मराठीत नाही मावत.” तिचा भाऊ शैलेंद्र तेव्हा ठसका लागेपर्यंत हसला होता. तेव्हापासून ‘इंदूरचं आम्ही’ हा घरातला कायमचा विनोद झाला. तेजस्वीही हसायची. वर्षभरात तिची चूक बरीच सुटली, पण एकदा नाव पडलं ते पडलं.

या घराची घडी चारुलतानेच बसवलेली. ती साताऱ्याहून आली तेव्हा तिशीची होती. शैलेंद्र धाकटा, इंजिनियर होऊन घरी माश्या मारत बसलेला. तुबलीतल्या एका एसी-डक्टच्या कारखान्याचा मॅनेजर अक्कलदाढ काढायला दवाखान्यात आला. दाढ निघाली, गाल सुजलेला, आणि ही बाई त्याच्यासमोर भावाचा सीव्ही घेऊन उभी. तोंडात कापूस असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. शैलेंद्र आला, रुळला, मोठा झाला, आता त्याच कारखान्यात तो मॅनेजर आहे. त्याचं लग्न तिने लावून दिलं. स्वतःचं दोनदा जमता जमता राहिलं, तेव्हा तिने तो विषय खलास केला. चौथ्या मजल्यावर भाऊ, तिसऱ्यावर ती. तेजस्वी बँकेत असल्यामुळे त्यांची मुलगी शिवांगी आत्याच्याच फ्लॅटमध्ये रांगली आणि चालली. पोरीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. आत्या तिला त्याबद्दल कधी बोलत नसे. सगळ्या जगाला एक नियम आणि भाचीला दुसरा, एवढं तर चालायचंच.

यंदा रमझानात ऑफिसं लवकर सुटत होती. अशाच एका संध्याकाळी शैलेंद्र खाली चहाला आला आणि म्हणाला, “ताई, डिसेंबरात आपण सगळे अबुधाबीला जाऊ. ते बेटावरचं थीम पार्कवालं मोठं रिसॉर्ट आहे ना, तिथे. प्लॅनिंग तू कर बाई. मला त्यातलं काही कळत नाही.”

आपण सगळे. चारुलताने त्याला दुसरा चहा करून दिला.

त्यानंतर ती त्या रिसॉर्टच्या मागेच लागली. तिथे एक सोडून चार पार्क, काही छताखाली, काही उन्हात. कुठल्या पार्कला कुठल्या दिवशी शाळांच्या बसेस येतात, कुठल्या दाराने आत शिरलं की गर्दी उलट्या बाजूला राहते, दुपारी सावलीतली बाकडी कुठे, हे सगळं तिने हिंदी व्हिडिओ बघून बघून पाठ केलं. सगळ्यात मोठ्या पाळण्याला मुलाची उंची लागते आणि शिवांगी दोन बोटं कमी पडत होती. म्हणून आत्याच्या स्वयंपाकघराच्या दारावर पेन्सिलीने खूण झाली आणि दर शुक्रवारी पोरगी त्या खुणेला टेकून उभी राहू लागली. शैलेंद्रला लहानपणी साताऱ्याच्या जत्रेतल्या पाळण्यातही ओकारी यायची, आणि तेजस्वीला उंचीची भीती. तेव्हा त्या मोठ्या पाळण्यात शिवांगीबरोबर आत्या बसणार, हे पोरीनेच ठरवून टाकलं होतं. चारुलताचा उजवा गुडघा कुरकुरायचा, पण तोंडाने ती “हो हो, बसणार!” म्हणाली. आयुष्यात जी बाई चक्रीपाळण्यातसुद्धा बसली नव्हती, ती आता आरशासमोर किंचाळायचा सराव करत होती.

दवाखान्यात मोठी रजा वर्षातून एकदाच मिळे, आणि ती दर वर्षी गणपतीला साताऱ्याला काकांकडे जाण्यात संपे. यंदा तिने चुलतबहिणीला फोन केला. “गणपतीला नाही ग येत. डिसेंबरात आम्ही सगळे अबुधाबीला चाललोय.” त्या वाक्यातलं ‘आम्ही’ तिला बासुंदीसारखं गोड लागलं. फोन ठेवल्यावरही तिने ते एकदा मोठ्याने म्हणून बघितलं.

“रजा मिल जाएगी ना, इरम?” तिने दवाखान्यातल्या नर्सला विचारलं. रजेचा अर्ज इरमच डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात सरकवायची.

“इंशाल्ला, दीदी,” इरम म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी रजा मंजूर होऊन आली.

या एका शब्दाची पारख चारुलताइतकी अख्ख्या माहूजमध्ये कुणाला नसेल. फोनवर “दहा बजे आएँगे ना?” विचारलं की पेशंट इंशाल्ला म्हणायचा. खरोखर येणाराही तेच म्हणे आणि न येणाराही तेच. फरक सगळा सुरात. हलका, झटकन निघालेला इंशाल्ला म्हणजे माणूस येणार. शेवटी लांबवलेला, हळू केलेला इंशाल्ला आला की चारुलता त्याची वेळ खुशाल दुसऱ्याला देऊन टाकायची. कधी चुकली नाही. परक्यांचा शब्द असा तोलता येणारी बाई, पण घरच्या माणसांचा शब्द तोलून घ्यायचा असतो हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. घरात कुणी तराजू ठेवतं का?

जूनमध्ये तेजस्वी जिन्यात भेटली आणि म्हणाली, “ताई, आम्ही गेलो की तिकडे थंडी असेल का हो?”

“डिसेंबर आहे, संध्याकाळी स्वेटर लागेल,” चारुलता म्हणाली. ‘आम्ही’ कानाला खटकलं होतं. पण बँकेतून दमून आलेली पोर, तिला जिन्यात कुठे व्याकरण शिकवायचं? इंदूरचं आम्ही, म्हणून तिने सोडून दिलं. पुढेही दोन-चारदा असंच झालं, आणि चारुलता मनाशी हसून पुढे गेली. तेजस्वीच्या बाबतीत एवढंच स्वभावाच्या विरुद्ध वागली, आणि तेच नडलं.

ऑगस्टमध्ये शैलेंद्रने विचारलं, “ताई, तिथे व्हीलचेअर मिळते का ग? जास्त चालवत नसेल अशा माणसासाठी?”

चारुलताच्या डोळ्यांत पाणीच आलं. भावाने आपला गुडघा लक्षात ठेवला! “अरे, एवढी काही म्हातारी झाले नाही मी,” ती म्हणाली. “पण मिळते. मी बघून ठेवलंय.”

शैलेंद्र मोबाईल बघत बसला. त्या गप्प बसण्याचंही तिला कौतुक वाटलं, म्हणजे बघा.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी चारुलता पुरणपोळ्यांचा डबा घेऊन वर गेली. जेवणं झाली, शिवांगी आतल्या खोलीत गेली, आणि चारुलताने सगळा बेत पहिल्यापासून सांगायला घेतला. सकाळी कुठला पार्क, दुपारी कुठे टेकायचं, तूप-वरण-भाताच्या जवळपासचं काय कुठे मिळतं. शैलेंद्र मान हलवत होता. तेजस्वी मन लावून ऐकत होती.

“छान झालंय हो ताई,” ती म्हणाली. “मग आम्ही सकाळच्याच फ्लाइटने निघू, म्हणजे तो दिवस मिळेल.”

चारुलता खळखळून हसली. “आम्ही नाही ग, आपण! इतकी वर्षं झाली, अजून तुझं इंदूर काही सुटत नाही.”

कुणीच हसलं नाही. तेजस्वीने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग नणंदेकडे. तिचा चेहरा पार उतरला.

“नाही ताई,” ती हळूच म्हणाली. “आम्हीच. या वेळी मी बरोबर बोलतेय.”

चारुलताला आधी शब्द कळले, अर्थ नाही. हातातला डबा तिने उगाच टेबलावर इकडचा तिकडे सरकवला.

“शैलू, तू ताईंना सांगितलं नाहीस?” तेजस्वीचा आवाज चढला. “जूनमध्ये मला म्हणालास, सांगितलंय, तिची काही हरकत नाही. मी तेव्हापासून आम्हीच म्हणतेय!”

“मला वाटलं, ते इंदूरचं,” चारुलता म्हणाली.

शैलेंद्र घसा खाकरून बोलू लागला. “ताई, झालं काय, तेजूच्या आईंचा व्हिसा झाला. त्यांचं पहिलंच परदेश. एका रूममध्ये चारच जण राहू देतात. आणि तुला काय ग, तू तर इथेच असतेस, तुला कधीही जाता येईल. म्हटलं, सांगू सावकाश. पण तू प्लॅनिंगमध्ये इतकी रमली होतीस...” मग त्याला बहुधा वाटलं की थोडं कौतुक करावं. “तुझ्यामुळे किती सोपं झालं बघ. ती सावलीतली बाकडी, व्हीलचेअर. आईंना अजिबात त्रास होणार नाही.”

तेव्हा चारुलताला उमगलं. व्हीलचेअर तिच्या गुडघ्यासाठी नव्हतीच. आपल्या कुरकुरत्या पायासाठी तिने एकेक सावली शोधून ठेवली, आणि त्या सावलीत इंदूरच्या विहीणबाई बसणार होत्या. विहीणबाईंवर राग कसला? त्या माउलीला यातलं काही ठाऊकही नसेल. राग समोर बसलेल्या या माणसावर होता. ज्याला तिने अंगाखांद्यावर खेळवलं, त्याने केसाने गळा कापला, आणि तोही तिची पुरणपोळी खाऊन.

“मी गणपतीला का गेले नाही, तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“ताई, अगं...”

“माहीत होतं ना?”

“हो.”

“व्हीलचेअरच्या वेळी मी रडले. ते दिसलं होतं तुला?”

शैलेंद्रने मान खाली घातली.

“मी दुसरी रूम घेतली असती रे. किंवा म्हणाले असते, आईंना न्या, मी पुढच्या वर्षी जाईन. खरंच म्हणाले असते. पण तू मला विचारलंच नाहीस. माझ्याकडून सगळं करून घेतलंस आणि मला फसवलंस. गरज सरो, वैद्य मरो.” तेजस्वी रडू लागली होती. “ताई, मला खरंच माहीत नव्हतं,” म्हणून तिने हात धरला. चारुलताने तो सोडवून घेतला, पण रागाने नाही.

तेवढ्यात आतून शिवांगी धावत आली. “आत्या! आय ग्रू! मी खाली जाऊन डोअरला चेक करते, पण आय नो, आय ग्रू! वी आर गोइंग ऑन द बिग वन!”

पोरगी एकेकाच्या तोंडाकडे बघू लागली.

“वी म्हणजे कोण ग?” चारुलताने विचारलं. “मराठीत सांग.” आजवर तिने या मुलीला असं कधी सांगितलं नव्हतं.

शिवांगीने जरा विचार केला. “आपण,” ती म्हणाली. “तू आणि मी. बाबाला ओकारी येते ना.”

चारुलता तिच्याकडे बघत राहिली. जन्मभर ती लोकांचं चुकीचं मराठी दुरुस्त करत आली होती. या घरात आज पोरीचं हे ‘आपण’ तेवढं चुकीचं होतं, आणि तेच तेवढं मनापासूनचं होतं.

तिने रिकामा डबा उचलला. “शैलू, हे तू दुरुस्त कर,” ती म्हणाली. “मी नाही करणार.”

शैलेंद्रने तोंड उघडलं. पण तोंडात कापूस असल्यासारखं त्याला काही बोलता येईना.

चारुलता दाराबाहेर पडली. गुडघा दुखत होता म्हणून कठडा धरून ती दोनच पायऱ्या उतरली आणि थांबली. दार नीट लागलं नव्हतं. आतून शिवांगीचा आवाज येत होता, “बाबा? आपण बरोबर आहे ना? आत्या इज कमिंग, राइट?”

आत एक खुर्ची सरकली.

“इंशाल्ला, बेटा,” शैलेंद्र म्हणाला. शेवट लांबवून, अगदी हळू.

चारुलता खाली आपल्या फ्लॅटमध्ये गेली.