आत्याने फेकलेल्या डिश

माझी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, छत्तीस वर्षं एका प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी वाढवत होती. काय काम करतेस, असं कुणी विचारलं की म्हणायची, "आचारीण आहे. सगळ्यांना वेळेवर खायला घालते." दिवसाआड पेशींच्या खाण्याचं गुलाबी पाणी बदलायचं, त्या ज्यात वाढायच्या त्या डिश उबदार कपाटात ठेवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या. सगळ्या एकाच पेशीच्या लेकी. तरी एखाद्या डिशमध्ये त्या भसाभस वाढायच्या, एखादीत नुसत्या बसून राहायच्या. साहेब म्हणत, हात चुकला असेल. तिचा हात चुकत नाही, हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. पण साहेबांशी वाद कोण घालणार? ती अशा डिश गुपचूप टाकून द्यायची. मला याचा अजून राग येतो. एवढी फटकळ बाई, नेमकी तिथेच मूग गिळून बसली.

बाबांच्या फुफ्फुसात दोन गाठी निघाल्या, त्यांच्या जुन्याच कॅन्सरच्या. मोठीचं माप सहा महिने हललं नव्हतं. बारकी नव्यानेच दिसली होती. डॉक्टर म्हणाले, आत्ता काढू, नाहीतर तीन महिने थांबून पुन्हा तपासू, तुम्ही ठरवा. माझी शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. बाबांनी आत्याकडे पाहिलं. घरात तिचाच शब्द चालायचा.

"दोघी एकाच घरच्या," आत्या म्हणाली. "ही गप्प आहे, तीही गप्प बसेल. पोरीची परीक्षा होऊ दे."

तीन महिन्यांनी मोठी होती तेवढीच होती. बारकी मात्र तिच्या दुप्पट झाली होती, आणि ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. डॉक्टरांनी समजावलं की जनुकं जवळपास तीच असली तरी त्यातली कुठली चालू आणि कुठली बंद, हे प्रत्येक पेशीचं वेगळं असू शकतं, आणि तो स्वभाव तिच्या लेकींतही उतरतो. शिवाय आजूबाजूला रक्त किती पोचतं, त्यावरही असतं. आत्या खाली मान घालून ऐकत होती. माझा निकाल चांगला लागला, पण त्याचं कौतुक करायची कुणाची इच्छा नव्हती.

शेवटच्या आठवड्यात बाबांनी सहज विचारावं तसं विचारलं, "ताई, या पेशी एकसारख्या वाढत नाहीत, हे तुला आधी माहीत होतं का गं?"

"नाही रे," ती म्हणाली.

"मग कशाला स्वतःला खातेस?" असं म्हणून बाबांनीच तिची समजूत घातली, आणि किती तरी दिवसांनी त्यांना शांत झोप लागली. त्यानंतर त्यांच्या खोलीत एकटीने जायची आत्याची हिंमत झाली नाही.