हाकेला ओ

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पारनेरच्या बाजारात मेथीच्या जुड्या निवडत होतो. बोलताना तिला दम लागतो, म्हणून ती मोजकंच बोलते. "तुमचे दादा गच्चीवर पडल्यात. उठंनात." मी भिंगारला त्याच्या घरी पोहोचेपर्यंत सोलरची पॅनेल पुसायचं ओलं फडकं त्याच्या हातात वाळून गेलं होतं… दीड महिना झाला. माझा थोरला भाऊ, उभा जन्म विजेच्या तारांत काढलेला माणूस, गेला तो हृदयानं. तेव्हापासून मी इथेच राहतोय.

वहिनीची फुप्फुसं निकामी होत चालली आहेत. घरात प्राणवायूचं मशीन लागतं, मशीनला वीज लागते, आणि आमच्याकडच्या विजेबद्दल तर बोलायलाच नको. म्हणून दादाने निवृत्तीनंतर सोलर बसवलं, मोठी बॅटरी घेतली आणि मग त्याला नादच लागला. साबणाच्या डबीएवढा कॉम्प्युटर भिंतीला लावून त्यात घर चालवायचं सॉफ्टवेअर भरलं आणि बॅटरी त्याला जोडली. आभाळ भरून आलं की डबी बॅटरीला लाईनवरून आधीच भरून घ्यायला सांगायची. लाईट गेली की मशीन सोडून बाकीचं सगळं बंद करायची. दादा महिनाभर ताटावर धड बसला नाही. आता याला नैवेद्यही दाखव, असं मी चिडवायचो.

डबीला हाक मारायला नाव हवं होतं. दादाला स्वतःचंच द्यायचं होतं. पण वहिनी काष्टी गावची, जुन्या वळणाची. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव तोंडातून काढणार नाही. शेवटी दादा हरला आणि हाक ठरली 'अहो'. वहिनीने "अहो, पंखा लावा" म्हटलं की भिंतीतून दादाने भरून ठेवलेल्या त्याच्याच आवाजात यायचं, "आलो गं." कधी कधी डबी आणि खरा दादा एकदमच ओ द्यायचे. मग वहिनी खोकला येईपर्यंत हसायची.

आता माझा गाढवपणा सांगतो. तेराव्याला जमलेल्या पाहुण्यांनी वाय-फाय चालत नाही म्हणून भुणभुण लावली. मी शहाण्यासारखा नवा राऊटर बसवला आणि जुना भंगारवाल्याला देऊन टाकला. बॅटरी आणि डबी त्या जुन्या वाय-फायवरच एकमेकींशी बोलत होत्या. ते तुटलं आणि बॅटरी भरलेलीच आहे असं समजून डबी गप्प राहिली. पुढच्या आठवड्यात, ढगाळ सकाळी लाईट गेली आणि थोड्या वेळात मशीनही थांबलं. वहिनीचे ओठ काळेनिळे पडले. शेजारचे प्राणवायूचं सिलिंडर घेऊन येईपर्यंत मी नुसता तिचा हात धरून बसलो होतो. दादा असता तर माझ्या कानाखाली वाजवली असती, आणि वाजवायलाच हवी होती.

जोडणी पुन्हा करायची तर डबीचा पासवर्ड हवा, आणि तो दादाच्या डोक्यात. लग्नाची तारीख, गावाचं नाव, वहिनीचं माहेरचं नाव, सगळं घालून पाहिलं. कुठं तरी लिहून ठेवायचंस रे दादा… असं त्याच्या फोटोशी भांडलोसुद्धा. नगरहून आलेल्या मेकॅनिकनेही हात टेकले. डबी पूर्ण पुसून नव्याने जोडली तरच बॅटरी ऐकेल, म्हणाला. पुसली की दादाचा आवाजही जाणार. वहिनीने साफ नकार दिला. मशीन बंद पडलं तर पडू द्या म्हणाली. मी चार दिवस तिच्या हातापाया पडलो. मोबाईलवर आवाज उतरवून ठेवतो म्हटलं.

"हाक मारल्याबिगर मिळालेली ओ काय कामाची, भावजी?"



परवा दुपारी पुन्हा लाईट गेली. सिलिंडर लावताना माझ्या हातून नळी दोनदा निसटली. वहिनी ते बघत होती. धाप जरा बसल्यावर म्हणाली, त्या मेकॅनिकला बोलवा.

काल तो आला, लॅपटॉप जोडून खुर्चीत बसला. वहिनीने नाकातली नळी सावरली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"अहो."

"आलो गं."

"येऊ नगा आता," वहिनी म्हणाली. "दमला असाल. माझं बरं हाय."

मेकॅनिकची बोटं तशीच थांबली होती. शेवटचं बटण मीच दाबलं.