खव्याच्या केकामागं नगरपर्यंत

रविवारी एका साखरपुड्याला खव्याचा केक द्यायचा अन् सूनबाईचे केक एकामागून एक मधोमध बसलेले. "आत्या, आता बसला तर ओव्हन विकून टाकते," रेखा म्हणाली. कानातले मोडून घेतलेला ओव्हन. पण रडून केक फुगत नाही. नगरला कॅम्पाजवळच्या एका जुन्या बेकरीत खव्याचा केक मुळापासून कसा होत गेला ते करून दाखवतात, असं तिनं मोबाईलवर वाचलं होतं. म्हणलं, चल.

जामखेडहून सकाळचीच एसटी धरा. बायांना अर्धं तिकीट, पण मागच्या सीटवर बसू नका, हाडं खिळखिळी होतात.

बेकरीवाले हमीदभाई भट्टीपुढं उभे होते. बघायचे पैसे नाहीत, खायचे घेतात. आधी त्यांनी गोऱ्या साहेबांसाठी व्हायचा तो साधा केक केला. अंडी, लोणी, साखर, मैदा. पातेल्याखाली निखारे, झाकणावरही निखारे.

"मग आपल्या लोकांना दुधाची चव पाहिजे हुती. कुनीतरी खवा घातला."

"कुणी?"

"आजी, जो तो म्हनतो आमच्याच आजोबानं."

साधा केक कोरडा. चहा होता म्हणून घशाखाली गेला. खव्याचा मात्र मी परत मागून घेतला. तुम्ही गेलात तर तोच घ्या, गरम असताना.

रेखा खातच नव्हती. तिनं परातीतला खवा बोटानं दाबला, हुंगला अन् सगळ्यांदेखत म्हणाली, "आत्या, ह्यो पांढरा हाय, मऊ. आपन लाल हुईस्तोवर परततो."

"मग? पेढ्याला लालच लागतो."

"पेढे करायचेत का आपल्याला? परतून परतून तूप सुटतं, त्यानंच केक बसतो."

"बरोबर बोलती ती," हमीदभाई म्हणाले. बघायला आलेल्या बाया हसल्या. माझ्या खव्याला जामखेडात कुणी नाव ठेवलेलं नाही.

"घरी करून दाखव," मी म्हणलं. "फुगला तर बोल."

येताना एसटीत मी मुद्दाम मागच्या सीटवर जाऊन बसले.

शनिवारी तिनं दूध आटवलं अन् खवा पांढरा असतानाच उतरवला. मला तो कच्चाच वाटला, पण हात आवरून बसले. केक फुगला. गार झाला तरी बसला नाही. साखरपुड्यात नवरदेवाच्या आईनं उरलेला डब्यात भरून नेला.

पेढ्याचा खवा अजून मीच करते, अन् लालच करते. केकाच्या खव्याला परवा सहज उलथनं धरलं तर रेखा म्हणाली, "आत्या, ठिवा ते."

ठेवलं.