कुनिएकाकू, भाग कितवा?

कुनिए आकाझावा ही बाई जन्मात एकदाच कुणावर तरी ओरडली, आणि नेमकं तेच जगभर गेलं.

एरवी तिचा आवाज शेजारच्या छत्रीवाल्यालासुद्धा धड ठाऊक नव्हता. बटाटे उकडायचे, कुस्करायचे, त्यात कांदा आणि खिमा घालायचा, गोळे चपटे करून पावाच्या चुऱ्यात घोळवायचे आणि तळायचे, की झाले कोरोक्के. गिऱ्हाईक आलं की मान लववायची, कागदात गुंडाळून द्यायचे, पुन्हा मान लववायची. नवरा होता तोवर बोलायचं खातं त्याच्याकडे होतं. तो गेल्यावर ते खातं बंदच पडलं.

ओरडली त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती. समोर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या शिमोत्सुंच्या माडीवर एक कॉलेजचा पोरगा भाड्यानं राहायचा. तो नेमका त्या दिवशी रांगेत मध्येच घुसला. कुनिए झारा उगारून कडाडली, "राजा असशील तुझ्या घरी! जा, रांगेत उभा राहा!"

पोरगा गार पडला. पुढे तो ओसाकाला गेला, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागला, आणि 'चंद्रद्वार' नावाच्या खेळात त्यानं कुनिएला झाऱ्यासकट बसवली. वीर तलवार घेऊन राक्षस मारत मारत शेवटच्या गावात पोचतो. अंगात त्राण उरलेलं नसतं. कोरोक्के मागतो, तर ही फणकारते, "राजा असशील तुझ्या घरी!" निमूट रांगेत उभा राहिला तरच खायला मिळतं, आणि मग वीराच्या अंगात पुन्हा बळ येतं.

खेळ धो धो चालला. भागामागून भाग निघाले, आणि दर भागाबरोबर भांडणं. चौथ्या भागाच्या वेळी कंपनीत नवी मंडळी होती. त्यांनी कुनिएला गोड म्हातारी करून टाकलं. वीराचे गाल कुरवाळून म्हणते, "आलास का रे बाळा? किती वाळलास!" (तेव्हा खऱ्या कुनिएचे केस काळेभोर होते. तो राग तिच्या मनात अजून आहे.) सातव्या भागात आणखी तिसरेच आले. त्यांनी उघड केलं की ही म्हातारी म्हणजे राक्षसराजाची सख्खी बहीण, वीराला पकडून ठेवायलाच ती इतके दिवस कोरोक्के तळत होती. शेवटी ती खदाखदा हसते आणि पोराला शोधत आलेल्या वीराच्या आईला सांगते, "उशीर केलात बाई. तुमचा मुलगा आता माझा झाला!"

ही दुकानवाली मारुगामे गावच्या बाजारगल्लीत खरोखरची आहे, असं कुणीतरी फोडलं, आणि दर रविवारी रांग लागायला लागली. रांगेत तीन जाती. पहिल्या भागाचे लोक आता पन्नाशीला आलेले, बहुतेकांचे केस गेलेले. त्यांना शिव्या हव्यात. चौथ्या भागाची पोरंपोरी मऊ मऊ, पाठीला कापडी ससे लटकवलेली. त्यांना गाल पुढे करायचे असतात. आणि सातव्या भागाचे डोक्यापासून पायापर्यंत जांभळ्या कपड्यांत, कारण राक्षसराजाच्या बहिणीचा किमोनो जांभळा. त्यांना धमकी हवी.

"चौथ्यानंतर या खेळात राम उरला नाही," एखादा टकला सुरू करायचा.

"चौथ्यानंतर? तुम्ही तर दुसऱ्यानंतर खेळलाच नाहीत, काका."

"खेळायला कशाला हवं? बघूनच कळतं. आमच्या वेळी काकू शिवी द्यायच्या, आणि त्या शिवीत माया असायची."

"माया चौथ्यात आहे. तुमच्यात नुसती शिवीच आहे."

मागून जांभळी ताई कपाळावर आठ्या घालून म्हणायची, "तुम्हा दोघांनाही खोली म्हणजे काय ते कळत नाही."

कुनिएनं हा खेळ आयुष्यात एकदाही खेळलेला नाही. तिला सगळं पढवलं ते शिमोत्सुंनी. घड्याळांचा धंदा बसला, तेव्हापासून शिमोत्सु गल्लीचे अध्यक्ष म्हणूनच जगतात. "कुनिए-सान, अगदी सोपं आहे. टक्कल दिसलं की झापा. ससा दिसला की गाल. जांभळं दिसलं की हसा. पण पोटातून हसा हं, परवाचं हसणं उचकीसारखं वाटलं."

"मला नाही जमत हो."

"गल्ली तुमच्या हसण्यावर चालली आहे, कुनिए-सान. तो भजीवालासुद्धा म्हणतो."

आता मान लववणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं ते येत नसतं. तिनं शिकून घेतलं. हळूहळू तिला ते इतकं जमायला लागलं की गिऱ्हाईकाचं तोंड बघायचंच सोडून दिलं. डोकं, पाठ, कपड्यांचा रंग, एवढं बघून तोंडातून वाक्य आपोआप बाहेर पडायचं.

हे सगळं ठीक चाललं होतं. पण मग तिच्या सायोकोचं लग्न ठरायची वेळ आली.

सायोको कुनिएची एकुलती एक. चौतीस वर्षांची, बंदराच्या कचेरीत कामाला. दोन ठिकाणी जमता जमता मोडलं होतं, आणि दोन्ही वेळा ती आईसमोर हसली होती आणि न्हाणीघरात रडली होती. आईनं दाराबाहेरून ऐकलं होतं. आता हिदेयासु उराबे नावाचा डोंगरापलीकडच्या कोची शहरातला दंतवैद्य तिच्यावर जीव टाकत होता. रविवारी दुपारी त्याचे आईवडील यायचे होते. दोन्ही घरांनी एकत्र जेवायचं, एकमेकांना बघायचं, मग पुढचं. हिदेयासुची आई शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका होती, आणि तिचं 'हो' म्हणजेच त्या घराचं हो.

"आई, त्या दिवशी दुकान बंद ठेव," सायोको म्हणाली. "मी त्यांना खेळाचं काहीच सांगितलेलं नाही. नुसतं म्हटलंय, आई शांत आहे."

"बंदच ठेवते."

पण शनिवारी शिमोत्सु आले. पहिल्या भागाचा वाढदिवस, म्हणाले. होक्काइदोहून माणसं विमानानं येताहेत, म्हणाले. सकाळी थोडाच वेळ, जेवणाच्या आत मोकळ्या व्हाल. कुनिएनं मान लववली. ती नकार म्हणून लववली होती की होकार म्हणून, ते तिचं तिलाच ठाऊक. शिमोत्सुंनी होकार धरला.

उराबे मंडळी वेळेच्या फार आधी पोचली. उशीर होऊ नये म्हणून माणसं लवकर निघतात आणि मग दारात घुटमळत बसतात, तसंच. वेळ कसा काढायचा? विहीणबाईंचं दुकान लांबून बघू, दोन कोरोक्के घेऊ, ओळख न देता परत फिरू, असं ठरलं. बघतात तर ही लांब रांग! मुख्याध्यापिकाबाईंच्या मनात एकदम आदर दाटला. रांग मोडून पुढे जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. नवराबायको शेवटी जाऊन उभी राहिली.

उराबे-सान रेल्वेतून निवृत्त झालेले. डोकं आरशासारखं चकचकीत. आणि बाईंनी विहिणीला भेटायचं म्हणून ठेवणीतला किमोनो काढला होता. आता साठीच्या बाईला शोभेल असा शांत रंग कोणता? जांभळा.

उराबे-सानांचा नंबर आला. कुनिएला टक्कल दिसलं.

"खांबासारखा उभा काय राहिलास? राजा असशील तुझ्या घरी! जा मागे!"

उराबे-सान आयुष्यभर सिग्नल पाळलेला माणूस. "माफ करा," म्हणाले, दोनदा वाकले आणि खरंच रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. टकल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. एक तर म्हणाला, "याला म्हणतात भक्त!"

मग बाई पुढे आल्या. कुनिएला जांभळं दिसलं. तिनं झारा खाली ठेवला, डोळे बारीक केले आणि पोटातून हसली. असं हसली की छपरावरची कबुतरं उडाली.

"उशीर केलात बाई. तुमचा मुलगा आता माझा झाला!"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तरी मुख्याध्यापिका त्या! पैसे ठेवले, दोन कोरोक्के घेतले, मान लववली आणि ताठ मानेनं चालू लागल्या. वाटेत नवऱ्याला बाहीला धरून रांगेतून ओढून काढलं. "कुनिए-सान, आज सोनं केलंत!" शिमोत्सु समोरून ओरडले.

दुपारी कुनिए नीटनेटकी होऊन, केसाला तेलाचा वास राहिला नाही ना हे चारदा हुंगून, सायोकोबरोबर खानावळीच्या आतल्या खोलीत शिरली. सरकतं दार उघडलं. समोर चकचकीत डोकं आणि जांभळा किमोनो. मध्ये मेजावर कागदात गुंडाळलेले कोरोक्के.

कुनिए बसली ती कपाळ चटईला टेकवूनच.

"आई, इतकं वाकायची गरज नाही गं," सायोको कुजबुजली.

हिदेयासु घसा साफ करून म्हणाला, "तर, या सायोकोच्या आई. आणि हे माझे—"

"आमची ओळख झाली आहे," बाई म्हणाल्या.

"मला मागे पाठवलं यांनी," उराबे-सान म्हणाले. तक्रार म्हणून नाही. झालं ते सांगितलं.

सायोकोचा चेहरा पांढरा पडला. "आई. यांना कितवा भाग?"

"पहिला," चटईतून आवाज आला.

"आणि यांना?"

कपाळ चटईत आणखी रुतलं. "सातवा."

सायोकोनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हे तिसरंही गेलं, असंच तिला वाटलं. मग तशीच, तोंड झाकलेल्या हातांआडून, तिनं सगळं सांगून टाकलं. दाढ, पोरगा, खेळ, टकले, ससे, जांभळे, शिमोत्सु. माशाच्या रश्श्याची वाटी गार झाली. बाईंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी विचारलं, "मग यातली कोणती माझ्या मुलाच्या वाट्याला येणार?"

"मला पहिली चालेल," उराबे-सान हळूच म्हणाले.

"तुमच्या वाट्याला कोण येतंय? तुम्ही जेवा."

कुनिएनं डोकं वर केलं. कपाळावर चटईचे वळ उमटले होते. इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं बोलून तिला स्वतःचं वाक्य सुरू कसं करायचं तेच सापडेना.

"यातली एकही नाही," ती म्हणाली. "मी पहाटे उठते. बटाटे सोलते. तेव्हा कुणी रांगेत नसतं, म्हणून कुणाला काही करून दाखवावं लागत नाही. ती जी बाई आहे ना, तीच मी. फार बोलत नाही. तिच्यात मजा नाही. पण हिला दोनदा न्हाणीघरात रडताना ऐकलंय मी. तिसऱ्यांदा माझ्यामुळे नको. दुकान उद्या बंद करते."

सायोकोनं आईकडे पाहिलं. न्हाणीघराचं आईला ठाऊक आहे, हे तिला आजच कळत होतं.

बाईंनी कागद सोडला. गार झालेला कोरोक्के दोन बोटांत धरला, खाल्ला, रुमालानं ओठ टिपले. "शाळेत मला मुलं वाघीण म्हणायची. पालक देवी म्हणायचे. शिक्षक काय म्हणायचे ते हे सांगणार नाहीत."

"नाही सांगणार," उराबे-सान म्हणाले.

"दुकान बंद करायचं काही कारण नाही. गारसुद्धा इतका चांगला लागतो म्हणजे तळणारी मन लावून तळते. मला एवढी बाई पुरे." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "तारीख वसंतातली धरू या. आणि तू असा तोंड उघडं टाकून बसू नकोस, दंतवैद्य शोभत नाहीस."

त्या संध्याकाळी कुनिए गल्लीत परतली तेव्हा होक्काइदोवाले अजून थांबले होते. आनंदानं तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. कुणाला काय द्यायचं याचा पार घोटाळा झाला. सशांना तिनं झापलं. जांभळ्यांना पोटभर जेवलात का विचारलं. आणि समोर आलेल्या प्रत्येक टकल्याचे दोन्ही गाल तळणाच्या हातांनी कुरवाळून म्हणाली, "आलास का रे बाळा?"

हाहाकार माजला. हा कुठला भाग? हे कुणाला विचारून केलं? पहिल्या भागाच्या मंडळींनी तिथल्या तिथे सभा घेऊन ठरवलं की हा मूळ खेळाचा अपमान आहे, आणि पुढच्या रविवारी येऊन अध्यक्षांकडे तोंडी निषेध नोंदवायचा.

आले खरे. निषेधासाठी सगळेच्या सगळे आले, दाढी घोटून, गुळगुळीत गाल पुढे करून, रांगेत सर्वांत पुढे.