ओढ्याच्या बाजूचं भेकर

त्या संध्याकाळी ओढ्याच्या बाजूनं भेकराचा जो आवाज आला, तो माझ्या स्पीकरमधून आला होता. एवढं एक वाक्य मला अडीच महिने कुणाला सांगता आलं नाही. तेवढ्या काळात एका म्हाताऱ्या बाईचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला, आणि तिच्या घरच्यांचा तिच्यावरचा.

मी मार्गासनीचा. वरवे बुद्रुकजवळच्या एका लहान कारखान्यात नोकरी करतो आणि रविवारी डोंगरात फिरतो. गावामागून डोंगराची एक सोंड वर जाते. तिच्या माथ्यावर धनगरांची चार घरं आहेत. खालच्या माळावर चारलेल्या शेळ्या संध्याकाळी वर न्यायला दोनच वाटा आहेत. एक ओढ्याकाठची, दुसरी सोंडेच्या पलीकडून, करवंदीच्या जाळ्यांतून जाणारी.

भेकर मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते त्या ओढ्यावरच, दसऱ्याच्या सुमारास. खडकाला टेकून भाकरी खात होतो, तर समोरच्या झुडपातून ते पाण्यावर आलं. शेळीएवढंच हरीण, तांबूस, काटकुळ्या पायांचं. मधे दहा पावलंही नव्हती. त्यानं पुढचा एक पाय उचलला आणि तो खाली टेकेचना. मी तोंडातला घास तसाच धरून बसलो. त्याच्या डोळ्यांखालच्या गंधग्रंथींच्या चिरा उघडत होत्या, मिटत होत्या. मग वारा फिरला, त्याला माझा वास लागला आणि ते कुत्र्यासारखं भुंकलं. एका उडीत झाडीत शिरलं आणि आतून बराच वेळ भुंकत राहिलं. तो आवाज मी मोबाईलमध्ये घेऊन ठेवला.

ते भुंकणं काय असतं हे मला ठाऊक होतं. माथ्यावरच्या म्हातारीनंच सांगितलं होतं. जन्मभर शेळ्या राखलेली बाई. मी मोबाईल घेऊन हिंडायचो म्हणून मला 'फोटूवालं पाव्हणं' म्हणायची. शेळ्यांना ती शेरडं म्हणते आणि बिबट्याला वाघरू.

"भेकर वरडाय लागलं की त्या अंगाला वाघरू हाय समजायचं," ती म्हणाली होती. "म्या दुसऱ्या वाटंनं शेरडं घालते. आजवर एक न्हाई गेलं."

हे ऐकूनही मी ते केलं. विसरलो होतो असं म्हणवत नाही. मला फक्त ते भेकर पुन्हा दहा पावलांवर हवं होतं.

दिवाळीनंतरचा रविवार होता. ऊन उतरायला लागलं होतं. ओढ्याकाठच्या झुडपात बसून मी लहानसा स्पीकर समोरच्या दगडामागे ठेवला आणि तो आवाज लावला. संपला की पुन्हा. चौथ्या की पाचव्या वेळी सोंडेवर वाळका पाला वाजला. नर होता. आखूड शिंगं, वरच्या ओठाबाहेर आलेले सुळे. आपल्या हद्दीत दुसरं कोण शिरलं ते बघायला तो करवंदीकडून सोंड ओलांडून आला होता. माझ्यापासून पाच पावलांवर थांबून त्यानं पाय आपटला. व्हिडिओ हलू नये म्हणून मी मोबाईलच्या हाताचं कोपर पोटाशी दाबून धरलं. त्याच्या नाकपुड्या हलताना दिसत होत्या. मी जोरात श्वास सोडला असता तरी तो गेला असता.

खाली माळावर शेळ्यांच्या घंटा वाजत होत्या. त्या ओढ्याकडे येत होत्या. मग थांबल्या आणि पलीकडे, करवंदीकडे वळल्या. मला ते ऐकू आलं. आणि ऐकून बरं वाटलं, कारण शेळ्या इकडे आल्या असत्या तर नर पळाला असता.

थोड्या वेळानं करवंदीकडून एका शेळीचा आवाज आला, मधेच तुटलेला. पाठोपाठ म्हातारीची हाळी. नर दिसेनासा झाला.

मी धावत पलीकडे गेलो तेव्हा ती वाटेत काठी रोवून उभी होती. शेळ्या तिच्या पायांशी गोळा झाल्या होत्या. सगळ्यांत पुढे चालणारी शेळी बिबट्यानं तिच्या डोळ्यांदेखत, दोन काठ्यांच्या अंतरावरून ओढून नेली होती. पण ती बोलत होती ते भेकराबद्दलच.

"भेकर तर वढ्याला वरडत हुतं. पाव्हणं, तुमी तिकडंच हुता न्हवं? कुठं वरडलं वो?"

"माझं लक्ष नव्हतं, मावशी," मी म्हणालो. स्पीकर माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी व्हिडिओ दाखवला. सगळे त्या नराचे सुळे बघत होते. मला मागच्या घंटा ऐकू येत होत्या. त्या कुठे थांबतात आणि कुठे वळतात, हे त्यात स्पष्ट होतं. तेव्हाच आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तो नर करवंदीत राहिला असता, तर बिबट्या बघून खरोखरच भुंकला असता. खोटा इशारा मी दिला होताच, खरा देणाराही मीच तिथून उठवून आणला होता.

पुढच्या रविवारी वर गेलो तर म्हातारी दारात बसलेली. शेळ्या तिच्या मुलानं नेल्या होत्या. तो सकाळी खाली डेअरीला दूध घालतो, आणि शेळ्या त्याला तशाही नकोशा होत्या. संध्याकाळी तो परत आला आणि माझ्यासमोरच तिला म्हणाला, "आई, तुला आता वढा कुठला न् करवंदी कुठली कळंना. येक दिस वाघरू तुलाच न्हेईल." शिमगा झाला की शेळ्या भोरच्या बाजारात विकायच्या, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

म्हातारीनं वाद घातला नाही. लांब कुठे काही वाजलं की ती सुनेला विचारायची, "कुठनं आला गं?" आणि आपण मनात धरलेली बाजू बरोबर आली का ते ताडून बघायची.

मी तेव्हाही बोललो नाही. उलट संक्रांत झाल्यावर शहाणपणा केला. तिला मोटारसायकलवर बसवून भोरला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानानं कान अगदी चांगले आहेत. मला वाटलं, चला, भागलं. परत येताना ती मागून म्हणाली, "कान चांगलं हायती, म्हंजी डोस्कंच गेलं म्हणायचं. पोरगं खरं बोलतंय."

त्यानंतरच्या रविवारी मी स्पीकर घेऊन वर गेलो. मुलगा अंगणात दोर वळत होता. मी ओसरीच्या कडेला स्पीकर ठेवला आणि तो आवाज लावला. म्हातारीनं मान वर केली.

"त्या दिवशी ओढ्याला हे वाजत होतं, मावशी. मी वाजवत होतो."

मग सगळं सांगितलं. मुलाच्या हातातला दोर थांबला. "दोन-अडीच महिनं," तो म्हणाला, "तुमी आमच्या हितं बसून च्या पिलात."

म्हातारीनं त्याला हातानं गप्प केलं. "पाव्हणं, ते घिऊन खाली जावा. कुठं बी दडून वाजवा. म्या सांगते कुठं हाय ते."

मी खाली उतरलो. आधी ओढ्याकाठी वाजवलं, मग करवंदीत, मग माळाच्या कडेला एका बांधाआड. दर वेळी वाजवून माथ्याकडे बघायचो. अंगणाच्या टोकाला ती उभी असायची, मागे मुलगा, आणि तिची काठी बरोबर माझ्यावर रोखलेली. तिसऱ्यांदा तर मला बांधाआडून डोकं वर काढायचीही लाज वाटली.

वर पोचलो तेव्हा ती मुलाला सांगत होती, "जित्तं भेकर वरडत वरडत सरकतं. त्या दिशी ते जाग्यावरनं हलंना, तवाच मला वाटलं हुतं. पन म्हणलं, आपलाच कान म्हातारा झाला."

"बास आई," मुलगा म्हणाला. "उद्याच्यानं शेरडं तूच ने. बाजाराचं ऱ्हाऊ दे."

मी तिच्या पायांशी वाकलो. "मावशी, चूक माझी होती. तुमचे कान बरोबर होते. तुमची शेळी माझ्यामुळे गेली आणि वर मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला माफ करा."

मग तिनं काठी मुलाच्या दिशेला केली.

"जरा मोठ्यानं बोला, पाव्हणं. माझ्या लेकाला कमी ऐकू येतं."

मी उभा राहिलो, मुलाकडे तोंड केलं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हणालो, चारही घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.