व्हर्नाचं दुसरं पिस्तूल

डेप्युटी व्हर्ना टॉलफसनला आता कचेरीत टेबलावर बसवायचं, हे शेरीफने मनोमन ठरवूनच टाकलं होतं. मोंटानाच्या त्या उघड्या माळावर तिने बत्तीस वर्षं गस्तीची गाडी चालवली. मार्चमध्ये घरच्याच गोठ्यात विताना अडलेल्या एका कालवडीने तिला फळीवर दाबलं आणि उजव्या खांद्याचे तीनतेरा वाजवले. खांदा सांधला, कमरेच्या पिस्तुलाची परीक्षाही ती कशीबशी पास झाली. उरली होती ती दुसऱ्या पिस्तुलाची, कपड्यांआड लपवायच्या. उजवा हात कुणी धरला, मोडला, तर डाव्याने काढायचं.

"घोट्याला बांधायचं. सगळ्यांनी. नियम आहे," शेरीफ लाइल ब्रेकी म्हणाला.

"अर्धं वर्ष आपण गुडघ्याएवढे बूट घालतो, लाइल. सीटबेल्ट लावून बसलेली मी वाकून बूट उघडेपर्यंत समोरचा काय जेवायला थांबणार आहे?"

"नाहीतर आत टेबल आहे. फोन घ्यायचे, हीटरजवळ बसायचं. लोक तडफडतात अशा जागेसाठी."

"मग त्यांनाच बसव."

लाइलला नवखा असताना बर्फात गाडी चालवायला हिनेच शिकवलं होतं. ते तो विसरला होता, आणि विसरलेल्या माणसाचा तिला भयंकर राग यायचा.

तीन आठवडे ती रिकामं रिव्हॉल्व्हर अंगावर बाळगून घरभर हिंडली. खिशात ठेवलं तर बसल्यावर निघेना. पाठीशी खोचलं तर पडल्यावर मणक्यातच घुसायचं. पोटाशी ठेवावं, तर पोट आधीच तिथे होतं. स्वयंपाकघराच्या फरशीवर ती लोळायची, उठायची, डावा हात घालून बघायची. कुत्रं बाजूला बसून हे सगळं फार गंभीरपणे पाहत असे.

शेवटी ती खोगिरं शिवणाऱ्या म्हाताऱ्या ऑरिनकडे गेली. बुलेटप्रूफ जाकीट त्याच्या टेबलावर टाकून म्हणाली, "पिस्तुलाचं म्यान हवंय, उजव्या काखेखाली, मूठ पुढे. खांद्यावर पट्टा नको, जाकिटालाच शिवा."

"तुला उलटी टांगली तरी पिस्तूल पडू नये, आणि ओढल्यावर अडू नये. बरोबर?" ऑरिनने चामडं चाचपलं. "पातळ चालणार नाही, पोरी. चाप पूर्ण झाकला पाहिजे. नाहीतर सदऱ्याचं टोक अडकायचं आणि तुझीच बरगडी जायची." जाकिटावरून घालायच्या सदऱ्याची बटणं काढून त्याने टिचबटणं लावली आणि वरून खोटी बटणं शिवली.

परीक्षा खडीच्या खाणीत होती. सगळ्यांची शस्त्रं रिकामी करून दोनदा तपासली होती.

"लोळ, ऊठ, उजवा हात कमरपट्ट्यात खोचून डाव्याने काढ," लाइल म्हणाला. "आणि तुझं ते काखेतलं मला मान्य नाही."

"आधी तू लोळून दाखव."

चार डेप्युटी ऐकत होते. लाइलला मागे फिरता येईना. तो लोळला, उठला, घोट्याकडे वाकला. वीस वर्षांच्या वापराने घोट्याच्या पट्ट्याचा वेल्क्रो झिजला होता. पिस्तूल मागे खडीत पडलं होतं. कुणीही हसलं नाही, म्हणून ते त्याला जास्तच लागलं.

"तुझा नियम पडलाय तिकडे," व्हर्ना म्हणाली. "उचल."

मग ती लोळली. खांद्यातून अशी कळ आली की क्षणभर दिसेनासं झालं. खरं सांगायचं तर ती मनातून पार घाबरली होती. आज जमलं नाही तर उरलेला जन्म फोनपाशी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. उठली. टिचबटणं तटातट सुटली आणि रिव्हॉल्व्हर डाव्या हातात आलं.

"पुन्हा," लाइल म्हणाला.

पुन्हा. आणि पुन्हा. तिसऱ्यांदा तिला उभं राहता आलं नाही, एका गुडघ्यावरूनच तिने ते काढलं.

"अजून बघायचंय? मी संध्याकाळपर्यंत लोळेन, लाइल. टेबलावर मात्र बसणार नाही."

लाइलने खडीत पडलेलं आपलं पिस्तूल पुसलं. बराच वेळ पुसत राहिला. मग खिशातून गस्तीच्या गाडीची किल्ली काढून त्याने हात पुढे केला.

व्हर्नाने ती डाव्या हाताने घेतली. गाडीपाशी पोचेपर्यंत खांदा एवढा ठणकायला लागला की तिला रडू फुटलं, पण सगळ्यांकडे पाठ होती. तिने आत बसून आरसा आपल्या उंचीला जुळवून घेतला आणि गाडी रस्त्यावर काढली.